सुकमतीचं सोनेरी फूल

मोहाच्या झाडांच्या रानाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिच्यात सुकमती आणि तिची आई राहायची. आई तापाने अंथरुणाला खिळलेली, चूल बरेचदा थंडच. पण सुकमतीचं मन मोठं होतं. कुणाची टोपली रिकामी दिसली की आपल्यातली मूठभर फुलं ती हळूच त्यात टाकायची.

खोड मात्र एक होती. तिचा स्वभाव भारी तापट. कुणी जरा आडवं बोललं की हिच्या नाकाचा शेंडा लाल झालाच म्हणून समजा.

मोहाची फुलं गळू लागली की पहाटे मुलं रांगेने रानात जायची. फुलांवर अस्वलांचाही जीव, म्हणून एक रीत होती. पुढे म्होरकी. तिने हाक द्यायची, "आहात का?" सगळ्यात मागच्याने ओरडायचं, "आहोत." उत्तर आल्याशिवाय म्होरकीने पाऊल उचलायचं नाही. त्या वर्षी मुलांनी सुकमतीला म्होरकी केलं होतं.

एका पहाटे ती रांगेच्या थोडी पुढे मोठ्या मोहाखाली पोचली आणि जागीच थबकली. मुळावर बोटाएवढी परी बसली होती. पंख दवाचे, झगा फिकट पिवळा, आणि तिच्या अंगच्या उजेडात भोवतीचं गवत चमचमत होतं.

"घोटभर पाणी देशील, बाळ?" परी म्हणाली.

सुकमतीने पाण्याच्या तुंब्यातला शेवटचा घोट तिच्या ओंजळीत ओतला. पाणी पिऊन परीने तिला एक फूल दिलं. त्याला दोन सोनेरी पाकळ्या होत्या.

"दोन पाकळ्या, दोन मागण्या. ज्याच्यासाठी मागशील तो समोर हवा. आणि मागितलेलं परत घ्यायचं झालं, तर त्याला दुसरी पाकळी खर्च होईल."

परी दिसेनाशी झाली. सुकमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. कधी घरी जाते आणि आईचा ताप उतरवते, असं तिला झालं. तेवढ्यात रांग मागून आली.

"सुकबाई, थोडी थांब न," सगळ्यात मागे चालणारा मंगरू म्हणाला. "पाय दुखून राहिले सगळ्यांचे."

झालं. नाकाचा शेंडा लाल.

"मले कोणीच उलटून बोलू नका," ती खेकसली.

टप्. एक पाकळी गळली.

सुकमती चरकली. पण मग तिला गंमत वाटू लागली. ती म्हणाली चला, सगळे चालले. ती म्हणाली नाला ओलांडा, सगळ्यांनी ओलांडला. किती शहाणी रांग ही, असं तिला वाटलं.

"आहात का?"

"आहोत."

फुलं वेचून झाल्यावर तिने टोपल्या पाहिल्या. सगळ्यात छोटी टोपली नव्हती. टोपलीवाली छोटी झुनकीही नव्हती.

"झुनकी कुठं आहे?"

मुलं मागे वळून पाहू लागली.

"आहे न ती आपल्यासंग?"

"आहे," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिला कुणी खरं सांगूच शकत नव्हतं, आणि ते तिनेच मागून घेतलं होतं. हातात एकच पाकळी उरली होती. आईची पाकळी. तिने डोळे मिटले, आईचा तापलेला हात आठवला, आणि ती रडत म्हणाली, "माझी मागणी मी परत घेते."

टप्.

"झुनकी नाल्याकाठी बसली आहे," मंगरू घाईने म्हणाला. "काटा रुतला तिले. तुले सांगू पाहत होतो, पण तोंडातून 'आहोत'च निघे."

"अन् तोंड मोकळं असतं, तरी सांगतलं असतं का?" सुकमतीने विचारलं.

मंगरूने मान खाली घातली. "तू खेकसते न, सुकबाई. भेव वाटते."

सगळी नाल्याकडे धावली. झुनकी दगडावर बसली होती आणि पलीकडच्या काठावर काळं अस्वल उभं होतं. सगळ्या रांगेने एका आवाजात हाळी दिली. रान दणाणलं, आणि अस्वल झाडीत पळालं. सुकमतीने झुनकीचा काटा काढला, तिला कडेवर घेतलं.

परतताना तिने हाक दिली, "आहात का?"

"नाही," मागून मंगरूचा आवाज आला. "टोपलीचा दोर सुटला. थांब."

राग तिच्या गळ्यापर्यंत आला. तिने तो गिळला आणि वाटेवरच बसली. "बांध सावकाश. आम्ही आहोत इथंच."

तेवढ्यात तिच्या मुठीतल्या उघड्या देठावर एक नवी पाकळी उमलली. समोर परी उभी होती, आता झाडाएवढी उंच.

"ही न मागता मिळते," परी हसून म्हणाली. तिने त्या पाकळीवर फुंकर घातली. रानातला प्रत्येक मोह सोनेरी झाला, उजेड पानापानांतून सांडला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

मुलांचे डोळे दिपले होते. पुन्हा दिसू लागलं तेव्हा वाटेच्या टोकाशी सुकमतीची आई उभी होती, ताप उतरलेली, स्वतःच्या पायांवर, आणि लेकीला हाक मारत होती.