न बोललेले बोल

एका राज्यात मेधावती नावाची राणी होती. बाई विद्वान खरी! सारी शास्त्रं तोंडपाठ, भल्याभल्या पंडितांची तिच्यापुढं बोबडी वळे. पण तेवढ्यानं समाधान कुठलं? तिला पाखरांची भाषा हवी होती.

त्या राज्याची एक रीत होती. मूल पहिला शब्द बोललं, की आईनं वेशीवरच्या वडाला घंटा बांधायची आणि वाजवायची. ऐकणारे म्हणत, "बोललं हो, बोललं!"

राणी काळंभट मांत्रिकाकडे गेली. तो म्हणाला, "पाखरांची भाषा देतो. बदल्यात तुझ्या राज्यातले अजून न बोललेले बोल दे."

याला पोथ्यांत पडून राहिलेले जुनेपुराणे शब्द हवेत, असं राणीला वाटलं. ती हसून म्हणाली, "घेऊन जा." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

राणीला पाखरं कळू लागली आणि वडावर नवी घंटा चढेनाशी झाली. पाळण्यातली पोरं मोठी झाली, चालू लागली, पण बोलेनात. आयांनी अंगारे लावले, नवस केले. राणीला लेक झाली, कुमुद. तीही आईकडे बघून नुसते ओठ हलवी. राणीचं काळीज तुटे.

एके सकाळी साळुंकी गवाक्षात येऊन बसली. "राणी, न बोललेले बोल म्हणजे लेकरांचे बोल. ते तूच देऊन टाकलेस."

 राणी उठली, ती थेट मांत्रिकाच्या गुहेत गेली. तिथं मडक्यांच्या उतरंडी होत्या आणि प्रत्येक मडक्यात एकेक बोल कुजबुजत होता.

"लेकरांचे बोल परत दे."

"तीन गोष्टी सोडाव्या लागतील. पहिली, राज्य."

राणीनं राजमुद्रा काढून दिली. मांत्रिकानं ती आगीत टाकली.

"दुसरी, विद्या."

त्यानं तिच्या कपाळावर तळवा ठेवला. सारी शास्त्रं गेली, पाखरांची भाषा गेली. बाहेर तिच्यामागून आलेली साळुंकी काही सांगत होती, त्याची आता नुसती कलकल झाली.

"तिसरी, माणसांची भाषा. बोलणंही आणि समजणंही."

राणीच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे माझी लेक बोलेल, ते मला कळणार नाही?"

"नाही."

"निदान पहिला शब्द तरी?"

"तोही नाही."

राणी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सोडली." तो तिचा शेवटचा शब्द.

मडकी फुटली. बोल सुटून लेकरांकडे गेले आणि त्यांच्याच बळावर जगणाऱ्या मांत्रिकाची जागच्या जागी राख झाली.

राणी वेशीपाशी पोचली, तेव्हा वडाखाली आयांची झुंबड उडाली होती. सगळीकडे घंटा वाजत होत्या. माणसांचं बोलणं तिच्या कानांवर नुसतं आदळत होतं. एवढ्यात कुमुद धावत आली आणि तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई!"

राणी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मागून आलेल्या दाईनं डोळ्यांना पदर लावला आणि राणीच्या हातात घंटा दिली. घंटा बघितली आणि राणीला उमगलं. तिनं ती वडाला बांधली, वाजवली आणि लेकीला उराशी धरून हमसून हमसून रडली. पोर काय बोलली, ते सगळ्यांना कळलं होतं, तिला सोडून.

प्रधानानं कुमुदला गादीवर बसवलं. राणी पुन्हा वाड्यात गेली नाही, वडाखालीच झोपडी बांधून राहिली. कुमुदनं पुढं न्यायानं राज्य केलं. दरबारात जाण्याआधी ती रोज वडाखाली येई. तिथं ती काही बोलत नसे. आपली घंटा तेवढी वाजवी, आणि झोपडीतून म्हातारी बाहेर येई.