हळदीची पट्टी

फार पूर्वी शाल्मली नगरात उदयसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता आणि वडिलांच्या मागे त्यांचे निरोपघर चालवीत होता.

निरोपघर म्हणजे निरोप पोचवणाऱ्यांची पेढी. तिथे चपळ पायांचे निरोपे पगारावर ठेवलेले असत. ज्याला निरोप धाडायचे किंवा मिळवायचे असतील त्याने आधी पैसे भरायचे, मग त्याला कापडाची एक रंगीत पट्टी मिळे. ती दाराच्या चौकटीला बांधायची. ज्या दारावर पट्टी दिसे त्या दारी निरोप्या थांबे, आलेला निरोप देई आणि जायचा असेल तो घेई. पट्टीचा रंग उडाला की मुदत संपली. मग पुन्हा पैसे भरून नवी पट्टी घ्यावी लागे. पैसे आधी घेण्याचे कारण साधे होते. निरोप पोचल्यावर कनवटीला हात घालताना माणसाला फार जड जाते, हे बोधिसत्त्वाच्या वडिलांनी आयुष्यभर पाहिले होते.

सुरुवातीला पट्टी एकाच प्रकारची असे. मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून त्या रसात ती रंगवलेली असे, तांबडी. तिच्यावर निरोप मोजकेच धाडता येत, पण तिचा रंग उन्हाला दाद देत नसे. एकदा बांधली की बरेच दिवस विसरून जावे.

हे विसरून जाणेच बोधिसत्त्वाच्या भागीदाराला आवडत नसे. त्याचे नाव रोहक. माणूस हुशार होता, तोंडाचा गोड होता, आणि गिऱ्हाईक एकदा दुकानातून गेले की लवकर परत का येत नाही, या विचाराने त्याला जेवण जात नसे. शेवटी त्याला युक्ती सुचली. त्याने हळदीत रंगवलेली पिवळीधमक पट्टी काढली. तिची किंमत तांबडीएवढीच, पण तिच्यावर रोज दहा निरोप धाडता येत. दिवसभरात जेवढे धाडाल तेवढे तुमचे, उरतील ते सूर्यास्ताला बुडाले. हळदीचा रंग उन्हात किती टिकतो हे कुठल्याही घरच्या बाईला माहीत असते. पण दहा निरोप हा आकडा ऐकून बायकांनाही त्याचा विसर पडला.

नगरात एकच झुंबड उडाली. रोज दहा निरोप फुकट जाऊ द्यायचे म्हणजे काय! मग लोक निरोप शोधू लागले. एक जण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ‘उठलात का’ म्हणून निरोप धाडी. शेजारी ‘उठलो’ म्हणून धाडी, आणि ‘तुम्ही?’ म्हणून आणखी एक. दिवस कलला की ज्यांचे निरोप उरले असतील ते ओट्यावर येऊन बसत आणि ज्याचे नाव आठवेल त्याला ‘शुभ सायंकाळ’ धाडत. निरोपे बिचारे तोंडाला फेस येईपर्यंत धावत. आजच्या ज्या वाचकाने फोनचा उरलेला डेटा रात्री बाराच्या आत संपवायचा म्हणून नको असलेले व्हिडिओ पाहिले असतील, त्याने शाल्मलीकरांना हसू नये.

बोधिसत्त्वाला हे खटकत होते, पण त्याने रोहकाला अडवले नाही. गल्ला भरत होता, निरोप्यांचे पगार वेळेवर होत होते, लोक हसतमुखाने पैसे देत होते. कुणाचे काही बिघडते आहे असे त्याला दिसत नव्हते. मंजिष्ठा आणायची म्हणून तो डोंगराकडे गेला आणि दुकान रोहकावर सोपवले.

तो नसताना पाटला दुकानात आली. पाटला लाह्या भाजून विकी. नवरा नव्हता, एकुलती लेक तिष्या बिल्वग्रामला दिली होती. तिष्याचे हे पहिलेच बाळंतपण. तिचा नवरा व्यापारी तांड्याबरोबर दूर देशी गेला होता आणि घरात आंधळ्या सासऱ्याशिवाय कुणी नव्हते. मायलेकींचे ठरले होते की दुखण्याची चिन्हे दिसू लागली की लेकीने निरोपघराच्या बिल्वग्रामच्या चौकीवरून निरोप धाडायचा आणि आईने गाडी करून तिला आणायला जायचे.

“शेठ, माझ्या लेकीचा निरोप यायचाय,” पाटला म्हणाली. “तेवढ्यापुरती पट्टी द्या.”

“तेवढ्यापुरती कशाला, मावशी? ही घ्या हळदीची. लेकीचा येईलच, वर रोज दहा तुम्ही धाडू शकाल.”

“मी कुणाला धाडू? मला आहे कोण?”

“असू द्या हो. हाताशी असलेलं बरं.”

सगळे नगर तीच पट्टी घेत होते. पाटलानेही घेतली.

घरी येऊन तिने ती चौकटीला बांधली आणि मग तिचे लक्ष शेजारच्या दारांकडे गेले. कुणाची पट्टी फिकट झाली होती, कुणाची पांढरी पडत आली होती. नवी घ्यायची तर आणखी कितीतरी लाह्या भाजाव्या लागणार. लेकीचे दिवस भरायला तर अजून अवकाश होता. पाटला जन्मभर काटकसरीने जगलेली बाई. तिने एक उपाय केला. ऊन चढले की ती पट्टी सोडी, घडी घालून लाह्यांच्या मडक्यात ठेवी, आणि ऊन उतरले की पुन्हा बांधी. शेजारणींच्या पट्ट्या विटत गेल्या आणि तिची मात्र पहिल्या दिवसासारखी पिवळी राहिली. याचा तिला थोडा अभिमानही वाटे.

तिष्याचा निरोप ठरल्यापेक्षा लवकर आला, आणि आला तो भर दुपारी. लंघक नावाचा जुना निरोप्या तो घेऊन पाटलाच्या दाराशी पोचला. चौकट मोकळी होती. पूर्वीचा लंघक असता तर त्याने आत हाक मारली असती. पण त्याच्या झोळीत ‘जेवलात का’ आणि ‘जेवलो’ यांचा ढीग होता आणि तो सूर्यास्तापूर्वी वाटून संपवायचा होता. पट्टी नाही तर निरोप नाही, हा पेढीचा नियमच होता. तो पुढे गेला. निरोप परत येऊन निरोपघराच्या फळीवर पडला. आत, भट्टीपाशी, पाटला लाह्या भाजत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बोधिसत्त्व मंजिष्ठेची गोणी घेऊन परतला. फळीवर पडलेले ताडपत्राचे तुकडे पाहून त्याने विचारले, “हे काय?”

“ज्यांच्या दाराला पट्टी नाही त्यांचे,” रोहक म्हणाला. “पडू दे. पैसे भरतील तेव्हा नेतील.”

बोधिसत्त्वाने वरचाच तुकडा उचलला. चौकीवरच्या लेखकाने वर पाटलाचे नाव घालून तिष्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. ‘आई, पाय सुजलेत. डोळ्यांपुढे अंधारी येते. वाट बघते, लवकर ये.’

पेढीची बैलगाडी जुंपायला सांगून तो धावत लाह्यावालीच्या आळीत गेला. पाटलाने निरोप ऐकला आणि तिच्या हातातला झारा खाली पडला.

“काल आला? काल कसा आला? माझ्याकडे पट्टी आहे की!” असे म्हणत तिने मडक्यात हात घातला आणि घडी उलगडून त्याच्यापुढे धरली. “बघा ना, रंगसुद्धा गेला नाही.”

खरेच गेला नव्हता. बोधिसत्त्वाला त्या पिवळ्या रंगाकडे पाहवेना. “चल मावशी, गाडीत बस,” एवढेच तो म्हणाला.

वाटेत पाटलाने रोहकाशी झालेले सगळे बोलणे त्याला सांगितले. ते बिल्वग्रामला पोचले तेव्हा सकाळ झाली होती. तिष्या जिवंत होती. शेजारच्या दोन बायका तिच्यापाशी बसून होत्या. मूल रात्रीच झाले होते. ते रडले नव्हते. पाटलाने लेकीचे डोके मांडीवर घेतले आणि तिला वाटीने पाणी पाजले. ती बाहेर आली तेव्हा बोधिसत्त्व बैलांपाशी उभा होता.

“माझंच चुकलं,” पाटला म्हणाली. “मी पट्टी वाचवत बसले. मीच मारलं त्याला.”

“नाही, मावशी. पट्टी तू वाचवलीस, पण ती तुझ्या गळ्यात आम्ही मारली. तुला निरोप धाडायचे नव्हते, तुला एका निरोपाची वाट पाहायची होती. हे तू सांगत होतीस आणि आमच्यातल्या कुणी ऐकलं नाही.”

पाटला मोठ्याने रडली. बोधिसत्त्वालाही रडू आले आणि त्याने ते लपवले नाही.

शाल्मलीला परतल्यावर तो रोहकाला म्हणाला, “आजपासून विचारल्याशिवाय कुणाला पट्टी द्यायची नाही. आणि पट्टी दिसो न दिसो, दारात हाक मारल्याशिवाय निरोप परत आणायचा नाही.”

“काय विचारायचं? गिऱ्हाईक पैसे देतंय, माल घेतंय. त्याला काय हवं ते त्याला कळत नाही का?”

“घाईत नाही कळत. मलाही कळलं नव्हतं.”

“असं एकेकाला विचारत बसलास तर संध्याकाळपर्यंत चार गिऱ्हाइकं होतील.”

“होऊ देत.”

रोहकाला हे झेपण्यासारखे नव्हते. त्याने हळदीच्या पट्ट्या, गर्दी आणि निम्म्याहून अधिक निरोपे घेऊन चौकात वेगळे दुकान थाटले. बोधिसत्त्वाने त्याला अडवले नाही, आणि वाटणीवरून तो भांडलाही नाही. लंघक मात्र बोधिसत्त्वाकडे राहिला. त्या दिवसानंतर तो बंद दारांवरही हाक मारू लागला होता.

बोधिसत्त्वाच्या दुकानात आता वेळ लागे. येईल त्याला तो आधी बसायला सांगे. मग विचारी, तुझे निरोप जास्त जातात की येतात? गेल्या महिन्यात खरोखर किती धाडलेस, आठवून सांग. ज्याचा निरोप चुकला तर तुझी झोप उडेल असे माणूस कोण? ते राहते कुठे? गिऱ्हाइके वैतागत. काही उठून सरळ रोहकाच्या दुकानात जात.

एकदा एक गुरांचा व्यापारी आला. त्याचे दलाल गावोगावी पसरलेले, बाजाराचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा. त्याला बोधिसत्त्वाने हळदीचीच पट्टी रंगवून दिली. हळदीच्या पट्टीत खोट नव्हती, तिचे काम करणाऱ्या माणसाला ती स्वस्तच पडे. एक म्हातारा आला, त्याचा भाऊ घाटापलीकडे राहत होता. बोधिसत्त्व म्हणाला, “आजोबा, आमचे निरोपे घाट चढत नाहीत. रोहकाचे चढतात. तुम्ही तिकडे जा.” म्हातारा दारातून दोनदा मागे वळून पाहत गेला. आलेले गिऱ्हाईक समोरच्या दुकानात पाठवणारा दुकानदार त्याने कधी पाहिला नव्हता.

पुढच्या खेपेला तिष्याला दिवस गेले तेव्हा पाटला पुन्हा आली. या वेळी तिने आधीच सांगितले, “मला कुणाला काही धाडायचं नाही.” बोधिसत्त्वाने तिला तांबडी पट्टी दिली आणि दारावर बांधायला स्वतः गेला. ती उन्हात राहिली, धुळीत राहिली, आणि निरोप आला तेव्हाही दारावर होती. तिष्याला वेळेवर माहेरी आणले. मुलगी झाली, आणि ती अशी काही रडली की लाह्यावालीच्या आळीत कुणाला निरोप धाडावा लागला नाही.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली ती विहारात, भिक्षू सोमदत्ताला. सोमदत्ताकडे विहाराच्या कोठाराचे काम होते. तो सर्वांना तूप, मध आणि तेलाचा सारखा वाटा देई आणि आपल्या हातून कुणाला कमी पडत नाही याचे त्याला समाधान होते. विहाराच्या कोपऱ्यात एक तरुण भिक्षू पोटाच्या विकाराने पडून होता. त्याला तुपाचा वासही सोसत नसे. त्याच्या उशाशी तुपाची मडकी साचली होती.

कथा संपवून शास्ता म्हणाला, “भिक्षूंनो, तेव्हाची पाटला म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका वसुला. तिष्या म्हणजे तिचीच थोरली बहीण. लंघक आज विहाराचे दार सांभाळतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून हाक मारतो. रोहक म्हणजे तू होतास, सोमदत्ता. आणि त्याचा भागीदार मी होतो. रोहकाला वेळेत न अडवणाराही मीच.”

सोमदत्ताने खाली पाहिले. मग त्याने विचारले, “भगवन्, आणि ते मूल?”

“ते त्या कोपऱ्यात पडले आहे,” शास्ता म्हणाला. “या वेळी त्याला विचार.”

सोमदत्त उठला, मडकी बाजूला सारून त्या भिक्षूच्या उशाशी बसला आणि त्याने विचारले, “तुला काय हवंय?”

“थोडं कोमट पाणी,” तो भिक्षू म्हणाला. “कधीपासून वाट बघतोय.”

कुणाला काय आणि किती लागते हे जाणणे, या गुणाला मात्रज्ञता म्हणतात.