खडकामागची नक्षी

फार पूर्वी एका किनाऱ्यावरचे खेकडे ओहोटी लागली की वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी मांडत. बारक्या खेकड्याचा हात सगळ्यांत सफाईदार, पण तो मांडायचा पाण्याकडच्या खडकामागे. शेजारचा नांग्या मात्र भर वाटेवर मांडायचा आणि नांगी हलवून हाका मारायचा, "या हो, बघा तरी! आजची पाकळी कशी वळवली ते सांगतो."

तिथे गर्दी जमली की बारक्याचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी त्याने कासवकाकांना गाठलं.

"त्या नांग्याच्या पाकळ्या वाकड्या असतात, काका! तरी मेले सगळे तिकडेच."

"तुझी नक्षी कुठाय?"

"खडकामागे. मी नाही कुणाला बोलावणार. जाणकार येतील शोधत."

"चल, मला दाखव."

वाटेत नांग्याची नक्षी लागली. बारक्याला राहवेना. तिथेच थांबून त्याने तिची एकेक वाकडी पाकळी काकांना दाखवली, अगदी कडेपर्यंत. मग दोघे खडकामागे पोचले, तर भरतीचं पाणी आत शिरलेलं आणि वाळू सपाट.

"इथेच होती हो," बारक्या रडवेला झाला. "त्याच्यापेक्षा कितीतरी सरस!"

"असेल," काका म्हणाले. "पण तू मला दाखवलीस ती त्याची."