चौदा पुस्तकं आणि आजोबांचं पद

"मग खरं कुठलं, बुवा?"

हेरंबने पिशवीतली पुस्तकं एकेक करून चटईवर मांडली. चौदा झाली. सगळी संगीत नाटकांच्या इतिहासाची, पानापानांत चिठ्ठ्या खोचलेली.

शिवरामबुवा तेरदाळकर ऑर्गनच्या बाकावर बसले होते. नाटक मंडळीत चाळीस वर्षं साथ केलेला हा म्हातारा आता देवळाच्या ओवरीत गाणं शिकवी. समोरचा विद्वान त्यांचाच शिष्य आणि उद्याच्या उत्सवातल्या नाटकाचा नायक.

"हे पुस्तक म्हणतं, माझ्या आजोबांनी याच नाटकाच्या तिसऱ्या अंकातलं पद अगदी संथ म्हटलं, थिएटर रडलं. हे म्हणतं, जलद म्हटलं, तानांचा पाऊस पाडला. आणि हे म्हणतं, त्या प्रयोगात पद झालंच नाही."

"तिन्ही खरी."

"बुवा, एकाच प्रयोगाबद्दल लिहिलंय. पान दोनशे बारावर..."

"ठाऊक आहे की. साथीला मीच होतो."

हेरंबचा चेहरा उजळला. "मग सांगा ना."

"पहिल्या लेखकाची बायको नुकतीच गेलेली. दुसरा स्वतः तानबाज. तिसरा चहाला गेला होता."

हेरंब हसला नाही. त्याने वही काढली. "चहाला म्हणजे नेमका कुठल्या प्रवेशात?"

बुवांनी त्याच्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"ते जाऊ द्या. तुम्हांला काय ऐकू आलं?"

"तुझ्या आजोबाचा श्वास. कुठे घेतो, कुठे सोडतो. साथ करणाऱ्याला दुसरं काय ऐकायचं असतं?"

"आणि पद?"

"आठवत नाही."

झालं. चौदा पुस्तकांनी घोळ घालून ठेवला होता, त्यात पंधरावं हे असं निघालं.

हेरंबने कोरी वही मिटली. तीन महिने तो गायला नव्हता, वाचत होता. गायला तोंड उघडलं की कुठली तरी तळटीप आडवी यायची. आता त्याला रडूच आलं.

"बुवा, उद्या पद गाळू या."

"का रे?"

"गाव आजोबांचं पद ऐकायला येणार. ते कसं होतं ते मला सापडत नाही. आणि माझं कसं होतं, तेही आता आठवत नाही."

बुवांनी ऑर्गनच्या पायट्यांवर पाय चालवायला सुरुवात केली. भाता भरला, रिता झाला, पुन्हा भरला. बोटं मात्र मांडीवरच.

"सूर द्या ना."

भाता चालू.

"बुवा... कुठली पट्टी?"

भाता चालू. नुसत्या हवेचा आवाज.

वाट पाहून हेरंबने आपणच सूर धरला. सुरुवात संथ केली, मग घाईत आला, एका तानेच्या तोंडाशी जाऊन परत फिरला. दुसऱ्या ओळीचे शब्दच विसरला, नुसतं 'आ-आ' करत ती पुरी केली. एके ठिकाणी दम अपुरा पडला आणि तो कुठल्याच पुस्तकात नसलेल्या जागी थांबला. श्वास घेऊन पुढे जायला गेला आणि सूर मध्येच तुटला.

तिथेच पद संपलं.



"बघितलंत?" हेरंब म्हणाला. "हे आजोबांचं नाही, पुस्तकातलं नाही. तुम्ही शिकवलेलंही नाही. कुणाचं आहे हेच मला कळत नाही."

बुवांनी हात उचलला. हेरंब जिथे अडला होता, त्या सुराची पट्टी दाबून धरली.

"वन्स मोअर," ते म्हणाले.