कधीच न उतरणारा हिस्सा

“जो हिस्सा नुसता चढत राहील, कधीच उतरणार नाही, असा आम्हाला हवा! उद्या सूर्य मावळायच्या आत आणून द्या, नाहीतर विद्यापीठाला कुलूप!”

राजा पृथ्वीधर विद्यापीठाच्या अंगणात असा गरजला, की आचार्यांचं उपरणं खांद्यावरून घसरलं.

राजाचं दुखणं साऱ्या बंदराला ठाऊक होतं. तिथे गलबताच्या सफरीचे हिस्से विकले जात. गलबत नफा घेऊन आलं की हिस्सेदारांना वाटणी मिळे. तोवर हिश्श्यांचा भाव बाजारात रोज खालीवर होई. राजाने मिऱ्यांच्या गलबताचे हिस्से घेतले ते भाव गगनाला भिडल्यावर. वादळाची अफवा उठताच घाबरून मातीमोलाने विकले. आणि पाठोपाठ गलबत डौलात बंदराला लागलं!

“व्यापारशास्त्र शिकवता ना? मग शोधा!”

आचार्यांनी पोथी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. विद्यार्थ्यांत येसू बसली होती. पानमळेवाल्याची मुलगी, पहिलंच वर्ष. विद्यापीठ बंद पडलं तर घरी जाऊन पानं खुडायची! ती धीर करून उठली.

“महाराज, मी शोधते. फक्त आज एक दवंडी पिटवा. महाराजांना कधीच न उतरणारा हिस्सा विकत घ्यायचाय. ज्याच्याकडे असेल त्याने उद्या दरबारात यावं!”

दुसऱ्या दिवशी दरबारात पाय ठेवायला जागा उरली नाही. राजा खुशीत! “बघ पोरी, एक मागितला तर ढीगभर आले!”

दामूशेट पुढे सरसावले. “महाराज, माझं चंदनाचं गलबत घ्या! भाव चढणार म्हणजे चढणार!”

येसूने हात जोडले. “शेटजी, अगदी नक्की?”

“काळ्या दगडावरची रेघ!”

“मग विकताय कशाला?”

दामूशेट उगाच पगडी चाचपू लागले. “अं... महाराजांवरच्या प्रेमापोटी!”

“मग फुकटच द्या की!”

दरबारात खसखस पिकली. हरबाशेटांनी घाईने आपले मोत्यांचे हिस्से पुढे केले. “हे तर उद्याच दुप्पट होतील!”

“मग आज घरी निवांत झोपा शेटजी, आणि उद्या विका!”

हे ऐकून मागचे एकेक शेट खांबाआडून सटकू लागले. बघता बघता दरबार रिकामा, उरले फक्त राजा, येसू आणि आचार्य!

राजाच्या कपाळावर आठी चढली. “सगळ्यांना पळवून लावलंस! आता आमचा हिस्सा कुठाय? सूर्य कलला!”

“आहे ना महाराज.”

“कोणाकडे?”

“जो आज आलाच नाही, त्याच्याकडे! आणि तो कधी यायचाही नाही. असा हिस्सा हातात असताना विकायला कोण येईल?”

राजा सिंहासनावरून पुढे झुकला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे ते मिऱ्यांचे हिस्से आम्ही घाबरून विकले, तेव्हा घेणारा...”

“मनातल्या मनात हसत होता, महाराज!”

राजाच्या मिशा थरथरल्या. आचार्यांनी डोळे मिटून घेतले. आणि राजा असा खदखदून हसला, की मुकुट कानावर आला!

“आचार्य, या पोरीच्या शिक्षणाचा सगळा भार आता आमच्यावर. आणि तिच्या वर्गात आणखी एक आसन मांडा.”

“कोणासाठी, महाराज?”

“आमच्यासाठी!”