आबासाहेबांचा कर्णा

जत्रेतल्या कुस्त्यांचा पुकारा करायचा मान आबासाहेबांचा. त्यांची पुतणी केतकी ध्वनिशास्त्र शिकून आलेली. ती म्हणाली, "काका, वारा समोरून येतोय. आवाज मागच्या बायकांपर्यंत पोचायचा नाही. एक कर्णा मैदानाच्या मध्यावर लावू."

आबासाहेबांनी मिशीवर ताव दिला. "माझा आवाज वाऱ्याला विचारून जात नाही!" माईक घेऊन ते गरजले, "ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी हात वर करा!"

एकही हात हलला नाही. "बघितलंस?"

"आता ऐकू येणाऱ्यांना हात वर करायला सांगा."

त्यांनी सांगितलं. पुढच्या दोनच रांगांतून हात वर झाले. मागे बायका निवांत शेंगा सोलत होत्या.

आबासाहेब पोट धरून हसले. कर्णा मध्यावर गेला आणि पहिल्याच पुकाऱ्याला मागून काकू ओरडल्या, "अहो, जरा हळू!"