क्लॅरिनेटच्या आधी

"मग लोक उठून का जातात, मिस्तरी?"

झिपरू मिस्तरी ग्रामोफोनच्या पिना निवडत होते. बोथट झालेल्या एका डबीत, अजून चालतील त्या दुसऱ्या डबीत. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठले लोक?"

"माझे. माझ्याकडे ऐकायला येणारे."

"येतात ना? मग झालं तर."

"येतात कुठे? यायचे!"

नेहेते सर खुर्चीतून उठले, ओट्याच्या कडेपर्यंत गेले, रस्त्याकडे बघितलं आणि परत येऊन बसले. दहा मिनिटांतली ही चौथी खेप.

सर भुसावळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. जॅझचं वेड, आणि तेही सरळ नाही. ज्याचं नाव चार माणसांना ठाऊक आहे ते सरांना चालायचं नाही. कुठल्याशा बंदरातल्या कुठल्याशा बँडनं भरलेली, दोनशे निघालेली आणि एकशे नव्व्याण्णव फुटलेली, अशी तबकडी दिसली की सरांना ताप चढायचा.

दिवाळीनंतर त्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी ऐकण्याचा वर्ग काढला होता. पहिल्या रविवारी तेवीस माणसं. मग नऊ. मग चार. गेल्या रविवारी एकटा शिपाई, तोही दारात, हातात कुलूप घेऊन.

आणि इथे मिस्तरींच्या घराचा हा ओटा.

मिस्तरी लोको शेडमध्ये फिटर होते. शाळा जेमतेम तिसरी. जवान असताना रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये साहेबलोक बायकांना घेऊन नाचायचे, तेव्हा मिस्तरी खिडकीबाहेर उभे राहून बाजा ऐकायचे. पुढे साहेब गेले. अँग्लो-इंडियन ड्रायव्हरही एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेले. तबकड्या भंगारात आल्या. मिस्तरींनी त्या उचलल्या. इंग्रजी अक्षर ओळखत नव्हते, म्हणून कडेवरून बोट फिरवून तबकडी ओळखायचे. ही टवका उडालेली, ही तडकलेली, ही बाईची, ही रडकी.

रविवारी सकाळी या ओट्यावर दहा-बारा माणसं यायची. कुणी खांडव्याच्या भंगारातनं काहीतरी आणलेलं असायचं, कुणी इगतपुरीहून. आणली की लावायची, ऐकायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं. पाच वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

सरांना त्या ओट्यावर एकदा, फक्त एकदा, आपली एक तबकडी लावायची होती. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मिस्तरी म्हणाले, बघू.

आज गुरुवार. भर दुपार. सर तबकडी घेऊनच आले होते. बायकोच्या जुन्या सुती पातळात गुंडाळलेली ती त्यांच्या मांडीवर होती आणि मांडी सारखी हलत होती.

"तुम्ही त्यांना देता काय?" मिस्तरींनी विचारलं.

"काय देतो म्हणजे? सगळं देतो! प्रत्येकाला छापील कागद. बँडचं नाव, गाव, साल, कोण काय वाजवतंय. शिवाय कितव्या मिनिटाला काय येतं, कुठे कान द्यायचा, सगळं."

"मग?"

"मग तबकडी लावतो."

"ती कशाला? सगळं कागदात आलंच की."

"चेष्टा करताय."

"नाही भो. मला वाचता येत नाही म्हणून विचारलं."

कोपऱ्यात भिंतीला टेकून कमरुद्दीन गार्ड बसले होते. पस्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला माणूस. हिरवी झेंडी गेली, बसायची सवय राहिली. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपला असणार, सरांनी मनात म्हटलं. दुपारी दुसरं काय करणार?

"मिस्तरी, रविवारी..."

"लावा."

"रविवारी?"

"आता लावा. बघू तर."

सर उठले. पातळाच्या घड्या सोडताना त्यांची बोटं घाईला आली होती.

"ही कलकत्त्याला भरलेली आहे. हॉटेलातला बँड, नऊ माणसं. सालाबद्दल दोन मतं आहेत, पण माझ्या मते..."

"लावा म्हटलं, मास्तर."

सरांनी चावी दिली. पिन टेकवली.

खरखर झाली, मग बँड सुरू झाला. पितळी, घाईचा, जरा बेसूरच. सरांनी मिस्तरींकडे पाहिलं. मग गार्डांकडे. परत मिस्तरींकडे. कुणाच्या तोंडावर काही नाही.

थांबा, सर मनात म्हणाले. थांबा जरा. अजून यायचंय.

ते यायची वेळ झाली तशी त्यांची तर्जनी आपोआप वर गेली.

"आता ऐका! आता! आता येतं बघा क्लॅरि..."

मिस्तरींनी पिन उचलली.

"अहो! काय केलंत? तेच तर येत होतं!"

"तेच येत होतं. मधे तुम्ही आलात."

सर ओट्याच्या कडेपर्यंत जाऊन आले. पाचवी खेप.

"मिस्तरी, तुम्हाला कळत नाहीये. नवख्या माणसाला दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर तो चुकतो. आलं आणि गेलं, त्याला पत्ता नाही!"

"चुकू द्या की."

"कसं चुकू देऊ?"

सरांचा आवाज चढला होता. तो त्यांनी खाली आणला.

"बावीस वर्षांपूर्वी सापडली मला ही. त्या क्लॅरिनेटवाल्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. फोटो नाही. गाव माहीत नाही. असा एक माणूस होता आणि तो असं वाजवायचा, हे माहीत असलेला बहुतेक मी एकटाच. ज्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही, मिस्तरी. मला साठावं लागलं. मी गेलो की मुलं ही भंगारात देणार. त्याआधी कुणीतरी... एक जण... माझ्याबरोबर..."



मिस्तरींनी नवी पिन बसवली.

"पुन्हा लावा."

या खेपेला सरांनी ओठ घट्ट मिटले. बँड सुरू झाला. गार्डांकडे बघायचंच नाही, असं ठरवून त्यांनी मान फिरवली आणि नजर तबकडीवर रोवली. एक पाय हलत होता, तो दुसऱ्या पायानं दाबून धरला. ती जागा जवळ आली. तोंड गप्प होतं, पण बोट काही ऐकेना. वर निघालं.

मिस्तरींनी ते पकडलं.

पान्यात नट धरावा तसं. ना आवळलं, ना सोडलं.

सरांनी हिसडा दिला. फिटरची मूठ ती, कसली सुटते. आपलं बोट, मिस्तरींची मूठ, फिरणारी तबकडी. क्लॅरिनेट वाजून गेलं, बँड परत आला, वाजला, संपला, तोवर सर त्या बोटापायी घामाघूम झाले होते.

पिन शेवटच्या रेघेत खरखरत राहिली. मिस्तरींनी ती उचलली. मग बोट सोडलं.



"काय गार्डसाहेब," मिस्तरी म्हणाले. "कसं वाटलं?"

गार्डांनी डोळे उघडले.

"खोकल्यापर्यंत झकास."

सर वळले.

"कशापर्यंत?"

"खोकल्यापर्यंत. पुढचं क्लॅरिनेट जरा हुकलं आपल्याकडून."

"कसला खोकला?"

"आला ना. क्लॅरिनेटच्या आधी. चांगला दोनदा."

"शक्य नाही. गार्डसाहेब, ही तबकडी मी हजारदा ऐकली असेल. हिच्यात खोकला नाही."

"नसेल बुवा," गार्ड म्हणाले. "मला वाटलं, सगळ्यांना ऐकू गेला."

सर उभेच राहिले. कपाळावर आठी पडली. मग ती आठी हळूहळू मोकळी झाली आणि डोळे लकाकायला लागले.

क्लॅरिनेटच्या आधी! म्हणजे बरोबर तिथेच, जिथे आपण दर वेळी "आता ऐका" म्हणतो. बावीस वर्षं आपण आपल्याच आवाजाखाली...

"मिस्तरी!"

"काय?"

"कळलं का तुम्हाला? त्या काळी एकच चीज दोनदा-तीनदा भरून घ्यायचे. मधे कुणी खोकलं की ते भरलेलं बाद. माझी तबकडी त्या बाद झालेल्यावरून छापली असणार, चुकून! म्हणजे बाकीच्या तबकड्यांत खोकला नसणार. फक्त हिच्यात! जगात एकच!"

त्यांनी खिशातनं वही काढली. लिहिलं, "खोकला." खाली दोन रेघा ओढल्या.

गार्डांनी काही बोलायला तोंड उघडलं.

मिस्तरींनी त्यांच्याकडे पाहून नुसती मान हलवली. राहू द्या.

"कोण खोकलं असेल?" सर येरझारा घालत होते. "ड्रमवाला? का तोच, क्लॅरिनेटवालाच? वाजवायच्या आधी घसा साफ केला असेल? अहो, मग तो त्याचा आवाज! त्या माणसाचा स्वतःचा आवाज! मिस्तरी, पुन्हा लावू? एकदा. शेवटचं."

"तुमची तबकडी, तुमचा हात."

सरांनी चावी दिली, इतकी की स्प्रिंग कुरकुरली. पिन टेकवली. मग इंग्रजीचा हा प्राध्यापक ओट्यावर गुडघे टेकून बसला आणि त्यानं डोकं भोंग्यात घातलं.

बँड सुरू झाला.

कर्णे, ड्रम, मधेच कुणाच्या तरी पायाचा ठेका. सर श्वास रोखून होते. वहीवर पेन्सिल टेकवलेली. जागा जवळ आली. आणखी जवळ...

कोपऱ्यात गार्डांना उबळ आली. त्यांनी हाताचा पंजा तोंडावर दाबला. ती थांबली नाही. छातीच्या तळातनं आली, ओली, लांबलचक, एकामागून एक.

"श्श!" सर भोंग्यातूनच ओरडले. "अहो, गप्प बसा जरा! तुमच्या खोकल्यात मला तो खोकला ऐकू येत नाहीये!"

...

क्लॅरिनेट उठलं. एकटंच वर चढलं, वर जाऊन थरथरत राहिलं, मग उतरलं.

सरांनी ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्यांचं डोकं भोंग्यातच होतं. पेन्सिल हातातून गळून ओट्यावरनं घरंगळली आणि खालच्या मातीत पडली.

बँड संपला. खर्र... खर्र... पिन कुणी उचलली नाही.

खूप वेळानं सरांनी डोकं बाहेर काढलं. कान लाल झाले होते.

"म्हणजे... मघाशी..."

"मीच," गार्ड म्हणाले. डोळ्यांत पाणी आलेलं, ते उपरण्यानं पुसत होते. "माफ करा हां, मास्तर. तुमच्या क्लॅरिनेटच्या आड आलो. लई दाबून धरला होता. डोळे मिटून बसलं की जरा दबतो. पण बरोबर तिथंच निसटला."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. पहिल्यांदा तुम्ही बोलत होता तेव्हापण थोडा आला होता. पण तुम्ही बोलत होता."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. गळ्याची शीर फुगलेली, खांदे हाडकलेले, बरगडीवर हात दाबून धरलेला. तासभर हा माणूस चार हातांवर बसला होता.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"दाखवलं नाही कुणाला?"

"दाखवायचं काय त्यात? आहे. रविवारी मात्र मी मागं बसतो, कडेला. लोकांना त्रास नको."

सरांनी वहीकडे पाहिलं. एक शब्द, दोन रेघा. वही मिटून त्यांनी खिशात ठेवली. उठावंसं वाटलं, ओट्याच्या कडेपर्यंत जावंसं वाटलं. पाय हलायला लागला होता. पण ते उठले नाहीत. गुडघ्यांवरून सरकून गार्डांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले, आणि तिथेही नीट बसता येईना त्यांना.

मिस्तरींनी पिन उचलली. तबकडी काढली. कडेवरून एकदा बोट फिरवलं, सगळा गोल पूर्ण होईपर्यंत. मग पातळात गुंडाळायला लागले. एकेक घडी, सावकाश.

सर घड्या बघत होते.

"चांगली आहे हो," मिस्तरी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तो क्लॅरिनेटवाला. चांगला आहे."

एवढंच ऐकायला सर बावीस वर्षं थांबले होते, आणि आता ते आलं तर ते घेऊन कुठे ठेवावं ते कळेना.

"मिस्तरी..."

"हां."

"रविवारी..." सर थांबले. जमिनीकडे बघत म्हणाले, "रविवारी येऊ का?"

मिस्तरींनी गुंडाळलेली तबकडी त्यांच्या हातात दिली.

"या. तबकडी घरी राहू द्या, मास्तर. येताना खोकल्याच्या औषधाची बाटली आणा."